वड्याचं तेल, वांगं आणि दीडशे शब्द

ताई, नमस्कार.

मी ५६ वर्षांचा, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. नऱ्ह्याला स्वतःचा टू बीएचके आहे, हप्ते दोन वर्षांत संपतील. व्यसन कसलंही नाही. पण हल्ली सकाळी पेपर हातात घेतला की तळपायाची आग मस्तकात जाते. काल या पक्षात होते ते आज त्या पक्षात. आमच्या सोसायटीत बारा महिने टॅंकर, आणि टॅक्स मात्र महापालिकेचा. तक्रार केली की मोबाइलवर मेसेज येतो, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ कामवाल्या मावशींना महिना दीड हजार फुकट, आणि कर भरतोय मी. आरक्षणावरून ऑफिसातल्या तीस वर्षांच्या मित्राशी बोलणं बंद झालंय. मुलगा २४ वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षा देतो, नवले पुलावरून ये-जा करतो. तो घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. परवा माझी बडबड ऐकून तो म्हणाला, “बाबा, तुम्ही जानेवारीत मत दिलंत का?” मी त्याला नको ते बोललो. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी कामापुरतं बोलतात. (संक्रांतीला जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही दापोलीला गेलो होतो.) बायको म्हणते, पेपर बंद करा. करू का?

— एक वैतागलेला, नऱ्हे

भाऊ, पेपर बंद करू नका. पेपर बंद केल्याने टॅंकर यायचा थांबणार नाही, पेपर टाकणाऱ्या पोराचं एक गिऱ्हाईक मात्र जाईल.

तुमचं पत्र मी फारच कापून छापलंय, त्याबद्दल आधी माफी मागते. मूळ पत्र फुलस्केपची चार पानं, पाठपोट. अक्षर सुंदर आहे, निदान पहिल्या पानावर. तिसऱ्या पानापासून ते उजवीकडे पळायला लागतं आणि चौथ्यावर पेनाने कागद दोन ठिकाणी फाटलाय. मी पेन्सिल घेऊन समासात आकडे टाकत गेले. पक्षांतर एक, टॅंकर दोन, चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स तीन. असं करत शेवटचा आकडा सतरा आला. सतरावा विषय तुमच्या सोसायटीतल्या एका कुत्र्याचा आहे. मी तो राजकारणात धरणार नव्हते, पण तुम्ही त्याला चार ओळींत थेट दिल्लीपर्यंत नेलंत, मग धरावा लागला.

आकडे का टाकले ते सांगते. माहिती अधिकाराचा कायदा देशात २००५ मध्ये लागू झाला. आपल्या राज्याने त्याच्या नियमांत २०१२ मध्ये एक अट घातली, की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा. तेव्हा बरेच कार्यकर्ते यावर चिडले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. सरकारच जेव्हा लोकांना ‘थोडक्यात बोला’ म्हणायला लागतं तेव्हा सावध व्हावं. मीही चिडले होते. मग आमच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण गेलं आणि पाच महिने आलं नाही, तेव्हा मी स्वतः पहिल्यांदा अर्ज लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात ‘निर्लज्ज’ हा शब्द दोनदा होता आणि ‘वारंवार सांगूनही’ तीनदा. शब्द मोजले, दोनशे ऐंशी. एकेक काढत गेले. ‘निर्लज्ज’ गेला, ‘जनतेच्या पैशावर’ गेलं, माझ्या सासूबाईंचा घोटा मुरगळला तो अख्खा परिच्छेद गेला. उरलं काय, तर चेंबर कुठला, झाकण कुठल्या तारखेपासून नाही, आणि त्या तारखेनंतर या रस्त्यावर झालेल्या कामांच्या नोंदींची प्रत. मला नक्की काय हवंय ते मला तेव्हा कळलं. पाच महिने मी नुसती तणतणत होते आणि मला झाकण हवंय हे एका कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता तुमचे सतरा विषय बघा. त्यांना जबाबदार असलेली माणसं मंत्रालयात, विधानभवनात, पालिकेत, बिल्डरच्या ऑफिसात बसलेली आहेत. आणि तुमचा राग आजवर कोणाकोणावर निघाला? मावशींवर, मित्रावर, मुलावर, बायकोवर. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात. वडा तिकडे कढईत मजेत तळला जातोय आणि जवळची चार वांगी होरपळली.

राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, आणि दोन्ही वेळा पक्षाचं नाव आणि चिन्ह निवडणूक आयोगाने बाहेर पडलेल्या गटाला दिलं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतील अशी फट होती, ती २००३ मध्ये बुजवली. आता अपात्रतेतून वाचायचं असेल तर दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. अपात्र कोण ते ठरवायचं सभागृहाच्या अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष कुठल्या ना कुठल्या पक्षातूनच आलेले असतात. ज्याने एका चिन्हाचं बटण दाबलं आणि ते चिन्ह समोरच्या बाकावर जाऊन बसलेलं पाहिलं, त्याला राग यायलाच हवा. नाही आला तर मी त्याला रक्त तपासून घ्या म्हणेन. पण हा राग बोटाला शाई लावायच्या दिवशी वापरायचा आहे. तो रोज सकाळी सातला चहाच्या आधणाबरोबर उकळत ठेवलात तर भांडं करपतं, दुसरं काही होत नाही.

आणि शाईच्या दिवशी तुम्ही दापोलीला होतात.

हे वाक्य तुम्ही कंसात घातलंत, भाऊ. चार पानांत कंस एवढा एकच आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले चालू राहिले आणि जवळजवळ चार वर्षं अख्ख्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाकडे. त्या काळात कोणाच्या दारात जायचं हेच कळत नव्हतं, असं तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिलंय आणि ते अगदी खरं आहे. मग १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, गुरुवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पगारी सुट्टी देऊन. चार वर्षं ज्या दाराची वाट पाहिली ते उघडलं, आणि तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसलात. मुलाने विचारलं ते खोचक होतं हे मान्य, पुण्यात वाढलाय तो. पण प्रश्न बरोबर होता. तुम्ही ओरडलात कारण उत्तर तुम्हाला माहीत होतं.

त्याची माफी मागायची आहे, ते शेवटी बघू. आधी पाण्याकडे वळते, कारण सतरा विषयांत हाताला येण्यासारखा हाच आहे आणि यावरच तुमचं पेन सगळ्यात जास्त रुतलंय.

खडकवासल्याचं धरण १८७९ चं. त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी, आणि त्यातलं शहराच्या वाट्याचं जातं तुमच्या शेजारून. नऱ्हे ३० जून २०२१ ला बावीस गावांच्या सोबतीने पालिकेत आलं. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं आली होती. गावं कागदावर एका रात्रीत शहर होतात, पाइपलाइन होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले आणि आकडा दोनशेच्या घरात गेला. हातापायातली शक्ती जाणारा आजार. विहिरीचं पाणी पुरेशा शुद्धीकरणाशिवाय लोकांच्या नळाला येत होतं, याची चर्चा अख्ख्या देशात झाली ती तेव्हा. तुम्ही तेव्हापासून पाणी उकळून पिता असं लिहिलंय. तेवढं चालू ठेवा.

आता तुम्ही अकाउंट्सवाले आहात हे तुम्ही विसरलात आणि मला आठवतंय. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गेल्या आर्थिक वर्षाच्या टॅंकरच्या सगळ्या पावत्या घ्या आणि बेरीज करा. महिन्यागणिक तक्ता, टॅंकर किती, रक्कम किती, दर फ्लॅटमागे किती. ‘पाण्यावर लाखो उधळले जातात’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. हे असं विधान तुम्ही ऑफिसात कुणाच्या व्हाउचरवर खपवून घेतलं असतंत का?

बेरीज झाली की पुढचा कागद. तुमची इमारत २०२१ च्या आधीची आहे, म्हणजे तिची बांधकाम परवानगी बहुधा पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची असणार. ते प्राधिकरण २०१५ मध्ये आलं. पाण्याची सोय नसलेल्या भागात परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतात, की सरकारी पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याची जबाबदारी विकसकाची. पुण्याच्या भोवतालच्या गावांत हे सर्रास आहे. फ्लॅट घेताना आपण टाइल्स बघतो, मॉड्युलर किचन बघतो, देवघराची दिशा बघतो. हे हमीपत्र बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. तुमच्या इमारतीचं असेल तर त्यात काय लिहिलंय? टॅंकरचे पैसे तुम्ही का भरताय, हे त्या एका कागदावरून कळेल.

तेव्हा तुमचा अर्ज असा असू दे. विषय: नऱ्हे, सर्व्हे नंबर अमुक येथील अमुक सोसायटीच्या बांधकाम परवानगीतील पाणीपुरवठ्याच्या अटी. कालावधी: परवानगीच्या तारखेपासून आजपर्यंत. हवी असलेली माहिती: बांधकाम परवानगी व भोगवटा पत्राच्या प्रती, पाणीपुरवठ्याबाबत विकसकाने दिलेल्या हमीपत्राची प्रत, त्या हमीपत्रासंदर्भात कार्यालयाने केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. बस. चाळीसच्या आतच शब्द झाले. उरलेल्या शंभरावर शब्दांत काही भरू नका, हात शिवशिवतील तरी भरू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवस थांबा, उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर पहिलं अपील करा.

एक खाचखळगा सांगून ठेवते. अर्जात ‘का’ हा शब्द येऊ देऊ नका. “आम्हाला पाणी का मिळत नाही?” असं विचारलंत की छापील उत्तर येतं, ‘सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ त्यांनी तुम्हाला कागद द्यायचा असतो, कारणमीमांसा नाही. मी यात एकदा पोळलेय.

‘निराकरण झाले आहे’ या मेसेजसाठी पालिकेकडे दुसरा, वेगळा अर्ज. तक्रार क्रमांक द्या आणि ती कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, काय शेरा मारून बंद केली त्या नोंदीची प्रत मागा. हा अर्ज मला मनापासून आवडतो. मेसेज पाठवणाऱ्या संगणकाला नाव नसतं, शेरा मारणाऱ्याला असतं.

तीस दिवस थांबायचं नसेल तर सोमवारी जा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कार्यालयातल्या फायली नुसत्या पाहता याव्यात, असं राज्य शासनाने २०१८ मध्ये ठरवून दिलंय. पुणे पालिकेत तर ही पद्धत त्याच्या आधीपासूनची; आता चालू आहे ना, ते निघण्याआधी विचारून घ्या. टेबलावरच्या माणसाला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा आणि ती दाखवताना आवाज चढवू नका. बिचारा कंत्राटी असतो, तोही टॅंकरचंच पाणी पितो.

नगरसेवकांचं म्हणाल तर तुमची तक्रार रास्त आहे. प्रभागात चार जण निवडून दिले की चौघांपैकी कोणाचंच काम नसतं. हा म्हणतो तो भाग त्यांच्याकडे, ते म्हणतात ह्यांच्याकडे. नळी फुंकली सोनारे. यावर एकच करता येतं. अर्ज एक, वर नावं चारही, आणि चौघांकडून त्याच कागदावर पोच घ्यायची. दुसऱ्या नगरसेवकाला पहिल्याची सही दिसली पाहिजे. मत दिलं नाही म्हणून जायला लाजू नका. ते तुमचेही आहेत, आणि कोणी कोणाला मत दिलं हे त्यांना कळत नाही, त्यांनी कितीही तसं भासवलं तरी.

आणि एकटे जाऊ नका. इथे मला आपल्याच शहरातली एक जुनी गोष्ट सांगू द्या. २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. आज तिचं नाव घेतलं की रानडे, काँग्रेसच्या आधीचं राजकारण, असं मोठं मोठं आठवतं. सुरुवात कशावरून होती? पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या त्यावरून. म्हणजे तुमच्या टॅंकरसारखाच एका ठिकाणचा, एका कारभाराचा विषय. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणायचे, त्यांनी सभेचा नियम असा केला की जो सभासद होईल त्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. मला वाटतं म्हणून मी बोलतो, हे तिथे चालत नव्हतं. पन्नास जणांनी सांगितलं म्हणून बोलतो, हे चालायचं. इंग्रजांच्या राज्यात, मताचा अधिकार नसताना. तुमच्या सोसायटीत फ्लॅट किती? तुम्ही लिहिलंत चौऱ्याऐंशी. टॅंकरचा तक्ता हातात घ्या आणि मजल्यामजल्याने जा. यात एक गंमत होईल. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या गृहस्थांना तुम्ही पत्रात ‘अंधभक्त’ म्हटलंय आणि बी विंगमधल्या ज्या बाईंना ‘पुरोगामी’ असं अवतरण चिन्हात म्हटलंय, ती दोघं एकाच कागदावर सही करतील. पाणी दोघांच्याही नळाला नाही.

याने जूनपर्यंत नळाला पाणी येईल असं मी सांगत नाही. पण घरपट्टीतली ४० टक्के सवलत आठवा. मालक स्वतः राहत असेल तर ती सवलत पुण्यात १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप आले, २०१९ मध्ये ती गेली, लोकांच्या हातात फरकाची बिलं पडली. चार वर्षं लोकांनी निवेदनं दिली, अर्ज केले, कार्यालयांत खेटे घातले. २०२३ मध्ये सवलत परत आली. त्याच वर्षी मार्चमध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला होता आणि भाजपची जवळजवळ तीन दशकांची जागा काँग्रेसकडे गेली होती. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मी पेठेत राहते, माझं मत केव्हाच झालंय. ते राहू दे. टॅक्सवर तुम्ही अर्धं पान खर्च केलंत, त्यात पीटी-३ अर्जाचा उल्लेख नाही. तुमच्या बिलात ४० टक्के सवलत लागलीये का ते आज रात्री बघा. लागली नसेल तर तो अर्ज भरायचा आहे. अकाउंट्सचा माणूस आणि स्वतःचंच बिल तपासलं नाही असं निघालं तर मला कळवू नका, मला हसू आवरणार नाही.

कल्याणीनगरचा विषय तुमच्या यादीत नववा आहे. १९ मे २०२४, एका अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले, आणि त्या मुलाला जामीन देताना सांगितलं ३०० शब्दांचा निबंध लिही. तेव्हा अख्खं पुणं पेटलं होतं, पण पेटलं होतं त्या एका आदेशावर. तिसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळाला तो बदलावा लागला. पुढे त्या प्रकरणाला कितीतरी वळणं मिळाली, त्यात मी आत्ता शिरत नाही. तुम्ही मात्र नवव्या विषयाला आठव्याची आणि दहाव्याची गाठ मारलीत, आणि शेवटी ‘या देशाचं काही होणार नाही’ असं लिहून पान उलटलंत.

मावशींबद्दल. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिना दीड हजार मिळतात. म्हणजे दिवसाचे पन्नास. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलं तर. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, तिजोरीवर ताण पडतो, हे सगळं बोला, बोललंच पाहिजे, अर्थसंकल्पाच्या वेळी आमदाराला पत्र लिहून बोला. पण तुमच्या ओट्यापाशी भांडी घासणाऱ्या बाईला “तुमचं बरंय” असं म्हणालात, ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. तिने योजना आखली नाही. आणि कर तीही भरते हो. साबण घेते, मोबाइलचं रिचार्ज मारते, प्रत्येक वेळी जीएसटी जातो. तुमचा कर पगाराच्या स्लिपवर दिसतो, तिचा दिसत नाही. उद्या सकाळी तिला तुमच्या हातचा चहा द्या. माफी शब्दांत मागितलीत तर ती घाबरेल आणि काम सोडेल, पुण्यात दुसरी मिळणार नाही.

मित्राचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटलं. तुम्ही मराठा, तो ओबीसी. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला तिथपासून सप्टेंबर २०२५ मधल्या हैदराबाद गॅझेटच्या जीआरपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांना काहीतरी पाठवत राहिलात, आणि एक दिवस त्याने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्यानंतर काही नाही. मी तुमचं पत्र परत वाचलं. त्यात त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एकही वाक्य नाही, आणि तुम्ही त्याला स्वतःच्या शब्दांत लिहिलेलंही नाही. दोघांनी दुसऱ्यांची वाक्यं एकमेकांच्या अंगावर फेकली. आरक्षण हा खरा प्रश्न आहे. तुमच्या मुलाच्या परीक्षेशी त्याचा संबंध आहे, त्याच्या मुलीच्या नोकरीशी आहे, आणि तुम्ही दोघं त्यावर कधी एकमत व्हाल असं मला वाटत नाही. व्हायलाच हवं असंही नाही. तुमच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्याच्या बाकावर तो बसला होता, हे तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. त्याच्या घरी जा. मेसेज नको, फोनही नको, जा. गॅझेटचा विषय त्याने काढला तर ऐकून घ्या, तुम्ही काढू नका. पहिल्या भेटीत पाऊण तास अवघडल्यासारखं होईल. क्रिकेट आहेच.

पेपर वाचा, पण आंघोळ आणि गोळी झाल्यावर. रात्रीच्या चॅनेलवरच्या चर्चा मात्र खरंच बंद करा, तिथे नऊ चौकटींत नऊ माणसं एकाच वेळी ओरडतात आणि दहावे तुम्ही सोफ्यावरून. रात्री दोन-दोनला जाग येते आणि छातीत धडधडतं असं लिहिलंय, ते डॉक्टरांना सांगा, मला सांगून उपयोग नाही. या आठवड्यातच सांगा.

राहिला मुलगा. २०२२ च्या नोव्हेंबरात नवले पुलावर एका अवजड गाडीने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा तिथेच, या वेळी आग लागली, आठ माणसं गेली. तुमचं पोरगं त्या उतारावरून रोज दुचाकीने येतं. संध्याकाळी सातनंतर तुम्ही बाल्कनीत येरझाऱ्या घालता आणि तो दारात आला की त्याच्यावर सरकारबद्दल ओरडता. त्याला काय कळणार तुम्ही कशासाठी ओरडताय? त्याला साधं सांगा, तू येईपर्यंत मला भीती वाटते. आणि सांगा, नाही रे, मत नाही दिलं मी, चुकलंच.

मग त्याला अर्ज लिहायला बसवा. राज्यघटना, माहिती अधिकार, पंचायतराज, हे सगळं तो तीन वर्षं पाठ करतोय. एकदा खरा अर्ज त्याच्या हातून जाऊ दे. सोमवारी दोघं मिळून जा. दुपारी स्वारगेटला गाडी लावा आणि मेट्रोने महापालिकेपर्यंत जा, कारण तिथे पार्किंगवरून तुमचा अठरावा विषय तयार व्हायला नको. ओळखपत्र न्या, पाण्याची बाटली न्या, फायलीतले आकडे उतरवायला वही न्या.

काय मिळालं ते मला लिहा. दीडशे शब्दांत, एका विषयावर. कुत्र्याचं काय झालं तेही कळवा, पण ते वेगळ्या कागदावर.